दुसरीच्या नावाला दिलेली ओ

संघरत्नाच्या मुलीने पहिल्यांदा ‘आई’ म्हटलं ते तिच्या जावेला.

त्या संध्याकाळी संघरत्ना आटगावच्या घरी पोचली तेव्हा तिची मोठी जाऊ रश्मी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. दीड वर्षाची बोधी तिच्या मांडीला टेकून सुपातले दाणे खाली सांडत होती. संघरत्नाने स्कूटी लावली, हेल्मेट काढलं आणि हात पुढे केले. बोधीने तिच्याकडे बघितलं, हसली, आणि रश्मीचा पदर ओढत म्हणाली, “आई, संगी आली.”

घरात सगळेच संघरत्नाला संगी म्हणत. पोरीने ऐकलं तेच उचललं होतं. रश्मी पटकन म्हणाली, “मी नाय गो आई. ही आई. मी काकी.” बोधीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पुन्हा सुपात हात घातला. दारात उभा असलेला इंद्रजीत, संघरत्नाचा नवरा, हसला. त्याला गंमत वाटली. संघरत्नाही हसली आणि मोरीत जाऊन बराच वेळ पाय धूत राहिली.

संघरत्ना मूळची सापगावची. तिचे आजोबा बाळाराम कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर एक दिवस त्यांनी जुना खाकी शर्ट चढवला, कसाऱ्याला गेले आणि ड्युटीवर निघाल्यासारखे रुळाच्या कडेने घाटाकडे चालू लागले. मग ते रोजचंच झालं. कोणीतरी ओळखीचा माणूस त्यांना परत आणून सोडी. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने त्यांच्यापुढे छापील कागद ठेवला. आजची तारीख काय, हे वाक्य वाचा, आता एक वाक्य तुम्ही लिहा. बाळाराम शाळेची पायरी कधी चढले नव्हते. ते कागदाकडे बघत राहिले आणि नातीला म्हणाले, “हा काय मागतोय?”

डॉक्टर प्रामाणिक होता. तो म्हणाला, “यातलं किती आजारामुळे येत नाही आणि किती शाळेत न गेल्यामुळे, हे मला या कागदावरून सांगता येणार नाही.”

संघरत्ना तेव्हा कॉलेजात होती. ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. तिने मानसशास्त्र घेतलं, एम.ए. केलं, आणि पुढे स्मृतिभ्रंशावरच्या एका संशोधन प्रकल्पात लागली. काम शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत होतं. शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती नीट मोजता येईल अशी चाचणी तयार करायची, आणि ज्यांना विसर पडू लागला आहे त्यांना पुढची काही वर्षं भेटत राहायचं. तारखेऐवजी शेतात आता काय चाललंय ते विचारायचं. लिहिण्याऐवजी भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यापासून मळणीपर्यंतची कामं क्रमाने सांगायला लावायची. विळा, मीठ, घोंगडी, विहीर, कोंबडी असे शब्द ऐकवायचे आणि थोड्या गप्पांनंतर पुन्हा विचारायचे. यातल्या बऱ्याच गोष्टी संघरत्नाने सुचवलेल्या होत्या. प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम मुंबईत बसत, पण त्यांचा तिच्यावर भरवसा होता. तिला पुढे याच विषयात पीएच.डी. करायची होती.

बोधी सहा महिन्यांची झाली तेव्हा कामावर परत जा असं तिला सांगणारी रश्मीच होती. “माझी दोनी आता मोठी झाली. हात रिकामेच हायेत. तू जा,” ती म्हणाली होती. संघरत्नाला तेव्हा रडूच आलं होतं, इतकं बरं वाटलं होतं.

आता त्याच बऱ्या वाटण्याचं काय झालं ते तिला समजत नव्हतं. रश्मीला काही करावंच लागत नसे. ती नुसती खाली बसली की पोर मांडीत जाऊन पडे. संघरत्ना खेळणी आणी, कल्याणहून रंगीत पुस्तकं आणी, आणि बोधी ती पुस्तकं उचलून रश्मीला दाखवायला नेई. बोधीच्या केसांना रश्मीच्या तेलाचा वास येई. कुठली दाढ येते आहे, कशाने पोट बिघडलं, कुठल्या कुत्र्याला ती घाबरते, हे सगळं संघरत्नाला रश्मीकडून कळे, आणि ऐकताना तिला वाटे आपण एखाद्याच्या घरी जाऊन नातेवाईकाची मुलाखत घेतो आहोत.

एकदा शेजारीण बोलता बोलता म्हणाली, “तुझ्या पोरीनं पहिलं पाऊल टाकलं ना, तवा मी इथंच होते. तू कामावर गेलेलीस.” बोधीचं पहिलं पाऊल तिने स्वतः पाहिलं होतं, रविवारी, अंगणात, आणि सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. आता कळलं की पोर त्याआधीच चालली होती. रश्मीने ते घरात कोणाला सांगितलं नव्हतं, संघरत्नाला पहिल्यांदा बघायला मिळावं म्हणून. रश्मी कामचुकार असती, पोरीवर ओरडणारी असती, तर बरं झालं असतं. तिच्यात खोट सापडत नव्हती, आणि त्याचाच संघरत्नाला सगळ्यात जास्त राग येई.

कामाच्या ठिकाणी एक ठरलेला प्रश्न असे. घरातल्या माणसाकडे बोट दाखवून म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, हे कोण, ओळखता का? दिवसभर तो प्रश्न विचारून संघरत्ना घरी येई आणि बोधीला पुढ्यात घेऊन म्हणे, “मी कोण?”

“संगी,” बोधी म्हणे.

उन्हाळ्यात संघरत्नाने ठरवलं की पोरीला सापगावला न्यायचं. आईला नातीसोबत राहायचंय, असं तिने घरी सांगितलं. स्वतः पहिले काही दिवस रजा घेतली, मग तिथूनच कामावर जाणार होती. खरं कारण तिने इंद्रजीतलाही सांगितलं नाही. रश्मीची सवय तुटली की पोर आपली होईल, असं तिने मनात धरलं होतं.

रश्मीने पिशवी भरून दिली. झबली, औषधं, खेळणी, आणि वर आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, जो हातात धरल्याशिवाय बोधी झोपत नसे. निघताना संघरत्नाने तो तुकडा काढून फळीवर ठेवला आणि वर डबा सरकवला.

सापगावला पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवसापासून बोधीने जेवण टाकलं. ती दाराशी जाऊन बसे आणि रस्त्यावरून कोणी बाई गेली की उठून उभी राही. झोपताना हात चाचपडत रडे. संघरत्ना तिला घेऊन अंगणात फेऱ्या मारी. फिरता फिरता तिला जाणवे की आपण पोरीला गप्प करण्यापेक्षा जिंकायला बघतोय. मग पोरीचं अंग तापलं.

संघरत्नाची आई चंद्राबाई फार बोलणारी नव्हती. तिने नातीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि लेकीला विचारलं, “तुला पोर पायजे का जावेला हरवायचंय?”

“काय बोलतेस आई.”

“मी बघतेय ना. फोन लाव तिला.”

संघरत्नाने लावला नाही. पोरीला बघायला आलेल्या इंद्रजीतने लावला. दुपारच्या आत रश्मी रिक्षा करून सापगावला हजर झाली. तिच्या हातात तो लुगड्याचा तुकडा होता, घडी घातलेला. तो डब्याखाली कसा गेला ते तिने विचारलं नाही. बोधीने तिला बघून आक्रोश मांडला, पण रश्मीने तिला लगेच उचललं नाही. तुकडा संघरत्नाच्या हातात दिला आणि म्हणाली, “घे. तू घाल तिच्या अंगावर.”

संघरत्नाने घातला. पोर त्यातच तोंड खुपसून झोपली. पोरीचा ताप दोन दिवसांत उतरला. पण रश्मीने तो तुकडा आपल्याला दिला, ही गोष्ट संघरत्नाच्या मनातून उतरायला पुष्कळ दिवस लागले. रश्मी भांडली असती तर तिला सोपं गेलं असतं.

त्याच काळात मुरबाड तालुक्यातल्या एका गावात तिचं काशीबाईंकडे जाणं चालू होतं. काशीबाई सत्तरीच्या पुढच्या, जन्मभर भातशेती केलेल्या. विसरण्याचा आजार बराच पुढे गेलेला. त्यांची धाकटी मुलगी वैष्णवी त्यांना सांभाळत होती. ती आधी एमआयडीसीतल्या कंपनीत पॅकिंगला जाई. आई चूल पेटती ठेवून शेताकडे निघून जाऊ लागली तेव्हा तिने काम सोडलं आणि आईला आपल्याकडे आणलं. आंघोळ, जेवण, रात्रीचं उठणं, सगळं तिच्याकडे. काशीबाई तिला ओळखत नसत. ‘ती बाई’ म्हणत. तिने दिलेली भाकरी पदराखाली लपवत, ती बाई चोरते म्हणून.

पण महिन्यातून एकदा संघरत्ना आली की काशीबाईंचा चेहरा उजळे. “वैष्णू आली गो माझी,” त्या म्हणत आणि तिला जवळ बसवून घेत.

पहिल्यांदा संघरत्नाने हळूच सांगितलं होतं, “मी संघरत्ना, मावशी. वैष्णवी ही.” काशीबाई भांबावल्या, रडवेल्या झाल्या. अशा माणसाशी वाद घालायचा नाही, हे संघरत्नाला प्रशिक्षणातच शिकवलेलं होतं. म्हणून पुढच्या वेळी काशीबाईंनी “वैष्णू” म्हटलं तेव्हा तिने ओ दिली.

मग ती दर वेळी देऊ लागली. काशीबाई तिची हनुवटी धरत, वाळलीस म्हणत, केसांचा भांग बोटांनी सारखा करत. चाचणी संपली तरी संघरत्ना बसून राही. त्या घराची पाळी येण्याची ती वाट बघू लागली होती. तिथे एक म्हातारी बाई तिला लेक म्हणून हाक मारत होती आणि ती हाक तिने कशानेही कमावलेली नव्हती, नुसती मिळाली होती. रश्मीला बोधीची मिळते तशी.

वैष्णवी दाराच्या चौकटीला टेकून हे बघत असे. आधी ती चहा टाके. मग चहा बंद झाला. मग एकदा “आई झोपलीय” म्हणून तिने दारातूनच परत पाठवलं, आणि आतून काशीबाईंचा बोलण्याचा आवाज येत होता.

सापगावहून बोधीला परत आणल्यावर संघरत्ना पुन्हा त्या घरी गेली. काशीबाईंनी तिला पाहिलं, लपवलेली भाकरी पदराखालून काढली आणि अर्धी तिच्या हातात दिली. “खा वैष्णू. ती बाई बघायच्या आत खा.”

“ओ, खाते,” संघरत्ना म्हणाली.

वैष्णवीच्या हातातलं पातेलं खाली आपटलं. ती संघरत्नाला हाताला धरून मागच्या परसात घेऊन गेली.

“तुमी तासभर येता. मी तिचं हागणंमुतणं काढते. आनि वैष्णू तुमी?”

“तो आजार आहे, वैष्णवी. त्यांच्या मनात...”

“आजार तिला झालाय. तुमाला नाय झाला. ती हाक मारते ते मला समजतं. तुमी ओ कशाला देता?” तिचा आवाज फाटला. “माझं नाव हाय ते.”

आजार मेंदूचा कुठला भाग आधी खातो, जुनी आठवण का टिकते, लेकीचा तरुणपणीचा चेहरा का लक्षात राहतो आणि आजचा का नाही, हे सगळं संघरत्नाला पाठ होतं. नातेवाईकांना सांगायची वाक्यं तिने स्वतःच मराठीत बसवली होती. पण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला आतून ओळखीचं होतं. बोधीने सुपात हात घालून दुसरीला आई म्हटलं तेव्हा तिचा चेहरा असाच झाला असणार.

“मला बरं वाटायचं म्हणून मी ओ द्यायचे,” ती म्हणाली. “माझी मुलगी मला आई म्हणत नाही. जावेला म्हणते.”

वैष्णवी जराही विरघळली नाही. “मग तुमच्या पोरीकडं जा. माझ्या आयेकडं कशाला येता?”

संघरत्ना गेली. काशीबाईंचं घर तिने मनोजकडे, म्हणजे प्रकल्पातल्या सहकाऱ्याकडे, सोपवलं. त्याची किंमत तिला माहीत होती. काशीबाईंच्या भेटींची माहिती सगळ्यात भरघोस होती आणि बंगळुरूच्या परिषदेत त्यावर ती बोलणार होती. डॉक्टर मॅडमनी फोनवर कारण विचारलं तेव्हा तिने घडलं ते सांगितलं. मॅडम आधी चिडल्या. “इतकी वर्षं काम करून तू हे करतेस?” मग म्हणाल्या, “लिहून काढ सगळं.”

“मॅडम, आजारी माणसाला आपण इतके प्रश्न विचारतो. सांभाळणाऱ्यांना फक्त झोप लागते का, थकवा येतो का, एवढंच.”

“आणखी काय विचारायचं?”

“त्यांना कोणाचा हेवा वाटतो ते.”

मॅडम हसल्या. “हेवा मोजणार कसा?”

बंगळुरूला मनोज गेला. त्याचा मुलगा बोधीच्याच वयाचा होता, आणि पोर कोणाकडे ठेवून आलास असं त्याला तिथे एकानेही विचारलं नसणार. त्याने पाठवलेले फोटो संघरत्नाने पाहिले आणि फोन उशीखाली सारला. घरी जावेचा हेवा, ऑफिसात मनोजचा. आपल्यात दुसरं काही उरलंय की नाही असं तिला त्या आठवड्यात वाटलं.

रविवारी सकाळी दोघी जावा मागच्या दगडावर धुणं धूत होत्या. बोधी बादलीत हात घालून खेळत होती. संघरत्ना रश्मीकडे न बघता म्हणाली, “ताई, मला तुमचा हेवा वाटतो.”

“ठावं हाय मला,” रश्मी म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी पीळ घातला. पाणी निथळून गेल्यावर रश्मी म्हणाली, “मी पन सांगू? तुला सुट्टी असते त्या दिवशी तू तिला घेऊन बाहेर निघतेस, तेव्हा मी भांडी आपटते.”

“ऐकू येतं मला.”

“येऊ दे. माझी पोरं आता माझ्याशी दोन शब्द बोलत नायत, मोबाइल बघतात. हिनं मला परत आई केलं. पण उद्या शाळेत नाव घालशील तेव्हा आई म्हणून तुझंच लागणार. लोक तिला सांगतील, काकीने सांभाळलं हो तुला. सांभाळलं म्हणतील, झालं.” तिने चादर झटकली. “मी पन कॉलेजात दोन वर्षं गेलेली. तू सकाळी बॅग अडकवून निघतेस ना, ते बघायला पन मला बरं नाय वाटत कधी कधी. तरी जाऊ नको असं सांगितलं का मी कधी?”

संघरत्नाने मान हलवली. तिला रश्मीची दया आली नाही, प्रेमाचं भरतंही आलं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा रश्मी तिच्याएवढीच उंच दिसली.

दोघींनी मिळून एक ठरवलं. सकाळची आंघोळ आणि न्याहारी संघरत्नाकडे, कितीही रडारड झाली तरी. त्या वेळात रश्मी घरात थांबायचीच नाही. पहिले काही आठवडे बोधीने मोरीत आकांत केला, आणि रश्मी पार बुद्धविहारापर्यंत जाऊन बसे, आवाज कानी पडू नये म्हणून. संघरत्ना ओली होऊन, उशीर होऊन कामावर पोचे. हळूहळू आंघोळ ही त्यांच्या दोघींची गोष्ट झाली. बोधी तिला संगीआई म्हणू लागली. रश्मी आईच राहिली.

भातकापणी उरकल्यावर एक दिवस वैष्णवीचा फोन आला. “आता ती कोनालाच हाक मारत नाय. तुमी या.”

संघरत्ना स्वतःची रजा टाकून गेली, प्रकल्पाची बॅग न घेता. काशीबाई खाटेवर कुशीवर पडलेल्या होत्या. डोळे उघडे होते पण कशावर ठरत नव्हते. वैष्णवीने चहा टाकला. दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसल्या.

“मला वाटलेलं, तुमी यायचं थांबलात की ती मला वैष्णू म्हनंल,” वैष्णवी म्हणाली. “नाय म्हनली. महिनाभर दाराकडं बघत बसायची. मला लई राग यायचा. तुमचा पन, तिचा पन.” तिने आईच्या तोंडाला पाण्याचा बोळा लावला. “एकदा वाटलं, बोलवावं तुमाला. मग म्हनलं, मरू दे.”

“नाही बोलावलंत ते बरोबर केलंत.”

“बरोबर काय नव्हतं. ती खुश व्हायची.” वैष्णवीने डोळे पुसले नाहीत. “तुमी एकदा हाक मारून बघता का? तुमचा आवाज वळखंल कदाचित.”

संघरत्ना वाकली आणि “मावशी” म्हणाली. काशीबाईंनी पापणी हलवली नाही. वैष्णवीने मोठा श्वास सोडला. तिला सुटल्यासारखं वाटलं की दुःख झालं, ते संघरत्नाला सांगता आलं नसतं.

काशीबाई थंडीत गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर मॅडमनी हेवा मोजायची कल्पना जरी मान्य केली नाही, तरी सांभाळणाऱ्या माणसांना एकत्र बसवून बोलतं करायला परवानगी दिली. पीएच.डी.साठी संघरत्नाने तोच विषय धरला. पहिली बैठक शहापूरला एका शाळेच्या वर्गात झाली. सुना आल्या, लेकी आल्या, दोन-तीन नवरेही आले. वैष्णवीला आता सांभाळायला कोणी नव्हतं, तरी ती मुरबाडहून एसटीने आली.

संघरत्नाने झोपेचं विचारलं, थकव्याचं विचारलं. सगळ्यांनी शहाण्यासारखी उत्तरं दिली. मग तिने विचारलं, “तुम्हाला कोणाचा हेवा वाटतो का?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. वैष्णवी म्हणाली, “मला हिचा वाटायचा,” आणि संघरत्नाकडे बोट करून तिने सगळं सांगितलं, भाकरीसकट, परसात काय बोलली त्यासकट. संघरत्ना मान खाली घालून ऐकत राहिली.

मग मागच्या बाकावरचा एक म्हातारा उठला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “माझी बायको शेळीला वळखते,” तो म्हणाला. “नावानं हाक मारते तिला. पाला घालते. मला इचारते, तू कोनाचा.” कोणीतरी हसलं. तोही थोडा हसला. “मी त्या शेळीला दोनदा मारलं. इकून टाकनार होतो. मग म्हनलं, तेवढं तरी वळखते.”

वर्गात आता बायका बोलू लागल्या होत्या, एकीच्या वाक्यात दुसरी. तेवढ्यात संघरत्नाचा फोन थरथरला. रश्मीने फोटो पाठवला होता. बोधी तिच्या पाठीवर चढून बसलेली, दोघींचे केस विस्कटलेले, दोघी हसताहेत. संघरत्नाला नेहमीसारखा रश्मीचा हेवा वाटला. तिने फोटो पुन्हा एकदा बघितला, फोन पालथा ठेवला आणि म्हाताऱ्याला विचारलं, “शेळीचं नाव काय ठेवलंय त्यांनी?”